अपूर्ण मुळाचे दात आणि लेझर उपचार

सात-आठ वर्षांचे मूल खेळताना तोंडावर आपटते आणि नुकताच आलेला वरचा पटाशीचा दात मोडतो. शाळकरी वयात असे अपघात नित्याचेच. हा दात कायमचा असला, तरी तो अद्याप पूर्ण झालेला नसतो, याची कल्पना अनेक पालकांना नसते. दात हिरडीबाहेर दिसू लागल्यानंतरही त्याचे मूळ हाडात वाढत राहते आणि साधारण तीन वर्षांनी मुळाचे टोक बंद होते. तोपर्यंत मूळ आखूड, त्याच्या भिंती पातळ आणि टोक नरसाळ्यासारखे उघडे असते.

मार लागल्याने किंवा खोल किडीमुळे आतील दंतमज्जा मेली, की ही वाढ थांबते. अशा दातावर नेहमीचे रूट कॅनाल करणे कठीण जाते, कारण आत भरलेले द्रव्य थोपवून धरण्यास टोकच नसते. दात काढून टाकावा, तर जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळपास अठराव्या वर्षापर्यंत, कृत्रिम मुळाचा दात बसवता येत नाही. दात कसाही करून टिकवणे महत्त्वाचे ठरते, ते यामुळेच.

पूर्वी अशा मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून, टोकाशी कठीण थर तयार होण्याची वाट पाहिली जाई. यात सहा ते अठरा महिने जात. हे औषध दीर्घकाळ राहिल्यास मूळ ठिसूळ होऊ शकते, असे मेंढ्यांच्या दातांवरील अभ्यासातून 2002 मध्ये पुढे आले. त्याआधी 1993 मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी ‘एमटीए’ हे सिमेंटसदृश द्रव्य पुढे आणले होते. त्याने उघडे टोक एक-दोन भेटींत बंद करता येते. मात्र पातळ मूळ पातळच राहते.

मूळ पुन्हा वाढवता येईल का, या प्रश्नाला 2001 मध्ये जपानमधील आणि 2004 मध्ये अमेरिकेतील रुग्णांच्या अनुभवांमुळे बळ मिळाले. या पद्धतीत मुळाची पोकळी औषधांनी निर्जंतुक करतात आणि नंतर टोकापलीकडे सुई नेऊन मुद्दाम रक्तस्राव घडवतात. मुळाच्या टोकाशी मूळपेशींचा साठा असतो. रक्ताच्या गुठळीच्या आधाराने त्या पेशी आत येतात व नवी ऊती तयार होते. मात्र ही ऊती पुष्कळदा खऱ्या दंतमज्जेऐवजी हाडासारखी किंवा मुळावरील आवरणासारखी असते. मूळ किती जाड व लांब होईल, हेही आधी सांगता येत नाही.

लेझरचा विचार होतो तो या उणिवेपोटी. येथे दोन प्रकारांची गल्लत होऊ नये. जास्त शक्तीचा लेझर ऊती कापतो किंवा पोकळीतील औषधी द्राव जोराने घुसळून जंतू हटवण्यास मदत करतो. कमी शक्तीचा लेझर काहीही कापत नाही व जाणवण्याइतकी उष्णताही देत नाही. बुडापेस्टचे एंद्रे मेस्टर यांना 1967 मध्ये उंदरांच्या त्वचेवर अशा किरणांनी केस लवकर उगवल्याचे दिसले. लाल व अवरक्त प्रकाश पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांत शोषला जातो व पेशींची क्रियाशीलता वाढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

दातांच्या बाबतीत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला हार्वर्डमधील प्रवीण अरणी, डेव्हिड मूनी आदींचा प्रयोग विशेष उल्लेखनीय आहे. उंदरांच्या दातांत भोक पाडून त्यांवर कमी शक्तीचा लेझर सोडला असता आतील डेंटिनची निर्मिती वाढली. प्रकाशामुळे निद्रिस्त वाढ-घटक जागा होतो व तो मूळपेशींना चालना देतो, अशी यामागील साखळी त्यांनी दाखवली. तो दात उंदराचा होता आणि प्रश्न डेंटिनचा होता, अपूर्ण मुळाच्या लांबीचा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

माणसांवरील अभ्यास छोटे आहेत. तरंगलांबी, मात्रा व किती वेळा प्रकाश द्यावा, यांत एकवाक्यता नाही. मात्रा अल्प असेल तर परिणाम होत नाही आणि अति झाली तर पेशींची वाढ उलट मंदावते. निर्जंतुकीकरण, रक्ताची गुठळी व वरून घट्ट आवरण हा या पद्धतीचा कणा असून लेझर त्यास जोड आहे. ‘लेझरने मूळ वाढवून देऊ’ अशी जाहिरात दिसल्यास सावध राहिलेले बरे.

दंतमज्जा जिवंत असल्यास चित्र पूर्ण वेगळे असते. उघडा पडलेला भाग अल्प प्रमाणात काढून त्यावर एमटीए लावल्यास मूळ आपोआप वाढते. म्हणून मार लागताच दंतवैद्याकडे जाणे हिताचे. अपूर्ण मुळाच्या दातांत विजेची चाचणी फसवी ठरत असल्याने क्ष-किरण चित्रे व पुनर्तपासणी यांवरच भिस्त ठेवावी लागते. मृत मज्जेवरील उपचारानंतर टोकाभोवतीचे हाड सहा ते बारा महिन्यांत भरून येते, तर भिंतींची जाडी वाढलेली दिसण्यास एक ते दोन वर्षे लागतात. या काळात दात दुखत नाही म्हणून तपासणी टाळणारे पालक कमी नाहीत. जंतुसंसर्ग परतला असेल, तर तो अनेकदा याच तपासणीत प्रथम आढळतो.