पद, रुक्न आणि खय्यामचे पंचवीस प्रकार

मराठी माध्यमात ज्याला पद म्हणतात, त्याला उर्दू शाळेत रुक्न म्हणतात. द्विपदी म्हणजे दो-रुक्नी, बहुपदी म्हणजे कसीर-रुक्नी. मराठीतली कोटी उर्दूत दर्जा होते. दहावीपर्यंत उर्दूत शिकलेला मुलगा नांदेड-लातूरच्या एखाद्या कॉलेजात अकरावीला बसतो आणि 'बहुपदीची कोटी सांगा' म्हटले की गप्प होतो. (कोटी म्हटल्यावर त्याला एकावर सात शून्ये दिसतात!) गणित येत असूनही तो कच्चा ठरतो.

एक घोटाळा मात्र दोन्ही माध्यमांत सारखाच आहे: पदे तीन, म्हणून कोटीही तीन. क्ष² + ५क्ष + ६ यात पदे तीन, पण कोटी २. क्ष³ + ५ यात पदे दोन, कोटी ३. पदे मोजायची असतात. कोटी सर्वांत मोठ्या घातांकावरून ठरते.

ही दोन्ही मापे एकत्र लावण्याचा मोठा जुना नमुना उमर खय्याम (१०४८-११३१) यांचा आहे. आपण त्यांना रुबायांपुरतेच ओळखतो. घनापर्यंतच्या समीकरणांचे त्यांनी २५ प्रकार केले: दोन पदांचे ६, तीन पदांचे १२, चार पदांचे ७. त्यांच्याआधी नवव्या शतकात अल-ख्वारिज्मींनी वर्गापर्यंतचे ६ प्रकार मांडले होते. इतके प्रकार कशासाठी? ऋण संख्या ते मानत नसत. प्रत्येक पद बेरजेचेच राहील अशा बेताने दोन बाजू मांडायच्या. म्हणून क्ष² + ५क्ष = ६ आणि क्ष² + ६ = ५क्ष हे त्यांच्या लेखी दोन वेगळे प्रकार.

आपल्याकडे ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच दिले होते. भास्कराचार्य (जन्म १११४) ऋण संख्येवर टिंब देत आणि वरची दोन्ही समीकरणे एकाच रीतीने सोडवत. अव्यक्तांना त्यांनी कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. त्यांची विभागणी पदांवर नव्हती, अव्यक्त किती यावर होती: एकवर्ण आणि अनेकवर्ण. मला खय्यामची मांडणी जास्त देखणी वाटते, पण परीक्षेत वेळ वाचवते ती भास्कराचार्यांचीच.

या दोन परंपरांची गाठ घालणारा एक माणूस मराठवाड्याच्या ओळखीचा आहे. ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र अताउल्लाह रशीदी यांनी शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'चा फारसी तर्जुमा केला. पुढे औरंगाबादचा बीबी का मकबरा उभारला तोही त्यांनीच. प्रवेशद्वारावर त्यांचे आणि हंसपत राय यांचे नाव कोरलेले आहे. तिथून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला, आणि त्याचा शिलालेख आजही आहे. मकबरा आणि पाटण, दोन्ही एकाच दिवसाच्या सहलीत बसतात.