नाकारलेली सही

११ एप्रिल १८३५. हॅरिसबर्ग, अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्याचं विधिमंडळ. सज्जातल्या गर्दीत तुम्हाला उभं राहण्यापुरती जागा मिळाली आहे. सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालंय, पण करामुळे मतदार खवळलेत. सिनेटनं तो मोडीत काढायचं ठरवलंय, आता निर्णय प्रतिनिधिगृहाच्या हातात. फक्त गरिबांची मुलं फुकट शिकवा, असा पर्याय पुढे आलाय. थॅडियस स्टीव्हन्स बोलायला उठतात. गेटिसबर्गचे वकील, वय ४३, एक पाऊल जन्मतः वाकडं. व्हर्मॉन्टमध्ये गरिबीत वाढलेल्या या मुलाला आईनं कष्ट उपसून शिकवलं. गरिबांची वेगळी यादी करणं म्हणजे त्यांच्यावर डाग देणं, असं ते बजावतात. तुमच्या डोळ्यांदेखत सभागृहाचं मत फिरतं. कायदा वाचतो.

फेब्रुवारी १८३८, फिलाडेल्फिया. राज्याची नवी घटना तयार आहे. मतदाराच्या व्याख्येत ‘गोरा’ हा शब्द घातला गेलाय. कृष्णवर्णीयांचा मताधिकार गेला. प्रतिनिधी सह्या करताहेत. स्टीव्हन्स करत नाहीत.

पुढची वर्षं भराभर सरतात. पळून आलेल्या गुलामांची वकिली, १८४९ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत, प्रवेश, मग यादवी युद्ध. १८६३ मध्ये दक्षिणेचं सैन्य त्यांचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळून टाकतं.

१३ जून १८६६, वॉशिंग्टन. देशाच्या घटनेतली चौदावी दुरुस्ती मताला आली आहे. देशात जन्मलेला पूर्वीचा गुलामही नागरिक, कायद्याचं संरक्षण सर्वांना सारखं. मताधिकाराची हमी मात्र तिच्यात नाही. ७४ वर्षांचे स्टीव्हन्स आयुष्यभराची आस अपुरी राहिल्याची खंत भर सभागृहात बोलून दाखवतात. आपण माणसांत राहतो, देवदूतांत नाही, म्हणून हे स्वीकारतो, असं सांगून ते होकार देतात. तुम्हाला ही माघार वाटेल. आणखी चार वर्षं पुढे चला.

वाटेत पेन्सिल्वेनियातल्या लँकेस्टरची एक दफनभूमी लागते. ११ ऑगस्ट १८६८ ला स्टीव्हन्स गेले. वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमी टाळून त्यांनी सर्वांना खुली असलेली ही छोटी जागा निवडली, आणि तसं कबरीवर कोरवूनही घेतलं.

१८७०. वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी घालणारी पंधरावी दुरुस्ती लागू झाली आहे. पेन्सिल्वेनियात कृष्णवर्णीय पुरुष ३२ वर्षांनी पुन्हा मत देताहेत. १८६६ च्या अपुऱ्या होकारानं त्यांना नागरिक केलं होतं. त्याच पायावर हे मत उभं आहे. आणि ज्या शब्दापायी स्टीव्हन्स यांनी सही नाकारली, तो शब्द या मतदारांना आता अडवू शकत नाही.