उसना अग्निबाण

दोस्त राष्ट्रांनीं एकमेकांस दारूगोळा पुरवावा, सैन्य पाठवावें, प्रसंगीं कर्जहि द्यावें, हा युद्धनीतीचा जुना परिपाठ होय. परंतु वेग ही वस्तु उसनी मिळते काय? ब्रिटनच्या अग्निबाणांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर देतो, असें आम्हांस वाटतें.

१९४६ सालीं ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांनीं संयुक्त योजना आंखिली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ओसाड प्रदेशांत, वूमेरा येथें, अस्त्रपरीक्षेचें क्षेत्र उभारलें. भूमि एकाची, यंत्रविद्या दुसऱ्याची! 'ब्लू स्ट्रीक' हें ब्रिटिश क्षेपणास्त्र येथेंच पारखावयाचें होतें. परंतु त्यांत अतिशीत द्रवरूप प्राणवायु ऐन उड्डाणापूर्वीं भरावा लागे. आणि शत्रूच्या घाल्याची सूचना तर अवघीं चार मिनिटें आधीं मिळावयाची. जें अस्त्र वेळेवर उडत नाहीं तें असून नसल्यासारखेंच. १९६० च्या एप्रिलांत त्याचा अस्त्र म्हणून त्याग झाला.

पुढें 'ब्लॅक ॲरो' हा उपग्रहवाहक अग्निबाण तयार झाला. परंतु अमेरिकेचा 'स्काउट' स्वस्त पडतो, असा हिशेब करून १९७१ च्या जुलैंत सरकारनें ती योजना बंद केली. दैवाचा उपहास असा कीं, त्यानंतर तीनच महिन्यांनीं, २८ ऑक्टोबरला, शेवटल्या 'ब्लॅक ॲरो'नें 'प्रॉस्पेरो' हा उपग्रह वूमेराहून निर्विघ्नपणें कक्षेंत नेला. विद्या हातीं आली ती सोडून दिल्यावर! १९७४ सालीं ब्रिटनचा 'मिरांडा' 'स्काउट'वरूनच गेला. मित्रानें शब्द पाळला, यांत शंका नाहीं.

९ जानेवारी १९२३ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या २०२३ सालीं त्याच तारखेस, कॉर्नवॉलहून एका अमेरिकन कंपनीचा अग्निबाण विमानाच्या पंखाखालून सोडण्यांत आला. त्यांत ब्रिटन व अमेरिका यांच्या संरक्षणखात्यांचे जोड-उपग्रहहि होते. दुसऱ्या टप्प्यांत बिघाड होऊन सारें नष्ट झालें. एप्रिलांत कंपनीनें दिवाळें जाहीर केलें, आणि ब्रिटनचा तो मार्गहि खुंटला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत अमेरिकेनें 'व्हिक्टस नॉक्स' हा लष्करी उपग्रह, हुकूम सुटल्यापासून २७ तासांत, स्वतःच्या भूमीवरून उडविला.

हा वेग केवळ अग्निबाणाच्या पोटांत नसतो. सज्ज कोठार, तरबेज माणसें आणि स्वतःचा हुकूम, यांत तो असतो. मित्र आपलें वाहन देईल. आपली निकड मात्र त्याची निकड होईलच, असें नाहीं.