पट्टेदार आणि कसणारा

१ मे १९९९ रोजी परभणीपासून विभक्त झालेल्या हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शेताची मालकी शोधीत कोणी सात-बाऱ्यावरून फेरफाराकडे व फेरफारावरून त्याहून जुन्या कागदांकडे मागे मागे जाऊ लागला, तर त्याला अखेर निजामी दफ्तराशी येऊन थांबावे लागते. आणि तेथे फसली सन, हाली शिक्क्यातील, म्हणजे निजामी चलनातील, आकार व उर्दूची शिकस्ता लिपी यांचा परिचय नसेल, तर आपल्या पणजोबाचे नावही त्याला वाचता येत नाही.

हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी १८६५ साली जिलाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, करून महसुलाची मक्तेदारी मोडीत काढली आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शिवाराला सर्व्हे नंबर पडले. परंतु १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७ च्या, जमीनमहसूल कायद्याने पट्टेदार कोणास म्हटले हे पाहिल्याखेरीज या दफ्तराचे मर्म उमगत नाही. सरकारदेणे भरण्यास जो थेट जबाबदार आणि ज्याचे नाव दफ्तरात दाखल, तो पट्टेदार! दरबाराची चौकशी साऱ्यापुरती होती. नांगर कोणाचा चालतो, हा प्रश्न तिला गौण होता. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा, ज्याला आसामी शिकमी म्हणत, तो पट्ट्याच्या कागदाबाहेरच राहिला. हा मला या व्यवस्थेचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो. मदतमाश (चरितार्थासाठीच्या) व खिदमतमाश (सेवेसाठीच्या) इनामांची तऱ्हा आणखी निराळी. देवस्थानाच्या वा मशिदीच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनीचा आधार मुंतखब, म्हणजे इनाम मान्य करणारा सरकारी दाखला, आणि सेवेशी बांधलेली ती जमीन खुशाल विकून टाकण्याची मुभा सेवेकऱ्यास नसे.

१९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपल्यानंतर हे चित्र पालटू लागले. १९५० च्या हैदराबाद कूळ व शेतजमीन कायद्याने, फसली १३४२ ते १३५२ या अवधीत सलग ६ वर्षे कूळ म्हणून जमीन कसलेल्यास, संरक्षित कुळाचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी केली. आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीने तर सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार व पट्टेदार यांच्याबरोबरच प्रत्यक्ष ताबा कोणाचा व तो कोणत्या नात्याने, हेही लिहून घेतले. एकाच ओळीत पट्टेदार देशमुख आणि कसणारा दुसराच कोणी, अशी नावे शेजारी शेजारी वाचताना, कैक वर्षांचा बेदखल इतिहास सरकारी शाईने मान्य केल्याचे समाधान मला तरी वाटते. मराठवाड्यातील वकील आजही वादाच्या आरंभी 'खासरा आणा' असे सांगतात, ते उगाच नव्हे.

मराठवाड्याला १९५६ साली मुंबई राज्य, १९६० साली महाराष्ट्र आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून नवी महसूल संहिता, असे धनी व कायदे बदलत गेले, तरी जुने कागद कालबाह्य झाले नाहीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा मराठवाड्यातील तहसिलींत याच दफ्तरांचे गठ्ठे सोडण्यात आले आणि मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची निकड भासली. त्या लिपी वाचणारी माणसे विरळ होत असता, प्रत्येक तहसिलीत अशा वाचकाची कायम नेमणूक व्हावी, ही मागणी मी आग्रहाने करतो. कारण संरक्षित कुळांचे वारस अजून आपल्या हक्कासाठी याच नोंदींचा दाखला देत आहेत.