सहा पिवळे नमुने : चेन्नईत एचआयव्हीचा शोध कसा लागला

फेब्रुवारी १९८६. मद्रासहून काटपाडीकडे निघालेल्या रात्रीच्या गाडीत सूक्ष्मजीवशास्त्राची एक पदव्युत्तर विद्यार्थिनी पतीसह बसली होती. तिचे नाव सेल्लप्पन निर्मला, वय बत्तीस. सोबतच्या बर्फाच्या पेटीत ऐंशीहून अधिक स्त्रियांच्या रक्तातून वेगळे केलेले सीरम होते. मद्रासमध्ये या चाचणीची सोय नव्हती, म्हणून नमुने सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवरच्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात न्यावे लागत होते. त्याआधीचे काही आठवडे ते तिच्या घरच्या फ्रिजमध्ये राहिले होते. ज्या विषाणूचा ती शोध घेत होती त्याला तेव्हा एचआयव्ही हे नावही मिळालेले नव्हते. ते मिळाले मे १९८६ मध्ये. तोवर फ्रेंच आणि अमेरिकी संशोधक त्याला आपापल्या वेगळ्या नावांनी ओळखत होते.

विषय सुचवला होता तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याच्या व्यापारात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबात भावांच्या गराड्यात वाढलेली ही एकुलती एक मुलगी. दरवर्षी लस टोचण्यासाठी घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्याला पाहून तिला वैद्यकाची ओढ लागली, असे त्या पुढे सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण, हृदयशल्यविशारद व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी विवाह, काही वर्षे परदेशात विकृतिशास्त्राचा अनुभव, आणि १९७३ मध्ये मायदेशी परत. पुढे त्या आपल्याच महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

त्या काळी भारतातला सर्वसाधारण समज असा होता की एड्स हा पाश्चात्त्यांचा आजार आहे. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. ते पाचही समलिंगी पुरुष होते, आणि या एका योगायोगाने रोगाची ओळख वर्तनाशी, वर्तनाची नीतीशी जोडली गेली. भारतीय कुटुंबव्यवस्था हेच आपले कवच आहे, असे सुशिक्षित लोकही बोलत असत. मुंबईत काही नमुने तपासून झाले होते. त्यांत काही सापडले नव्हते. तेव्हा निर्मलाच्या प्रबंधातून ‘आढळले नाही’ एवढेच निष्पन्न होईल, असा अंदाज बांधायला कोणीही तयार झाले असते.

मद्रासमध्ये मुंबई-कलकत्त्यासारखी देहविक्रयाची ठरावीक वस्ती नव्हती. मग अशा स्त्रिया शोधायच्या कुठे? उत्तर सरकारी सुधारगृहात मिळाले. पकडल्या गेलेल्या स्त्रियांना तेथे ठेवले जाई. निर्मला रोज तेथे जाई, पती स्कूटरवरून सोडत, आणि ती रक्त घेई. तिच्या हातात मोजेही नव्हते. स्त्रियांना ही तपासणी एड्ससाठी आहे हे सांगण्यात आले नव्हते. नेहमीच्या गुप्तरोगांची तपासणी असावी, अशी त्यांची समजूत होती. निर्मलाने पुढे मुलाखतीत हे मोकळेपणाने सांगितले. आजच्या निकषांवर हे संशोधन नैतिकता समितीपुढे टिकणार नाही. तेव्हा अशी समिती विचारात घेण्याची पद्धतच रुळलेली नव्हती, हे खरे. पण भारतातील एचआयव्हीचा इतिहास ज्यांच्या रक्तातून सुरू होतो त्यांना तो कधी विचारला गेला नाही, हेही तितकेच खरे.

वेल्लोरला विषाणुशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. टी. जेकब जॉन होते. त्यांनी जॉर्ज बाबू आणि एरिक सिमोएस या दोन सहकाऱ्यांना निर्मलाच्या मदतीला दिले. चाचणी एलायझा पद्धतीची. तिचे तत्त्व साधे आहे. प्लास्टिकच्या छोट्या खळग्यांच्या तळाला विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. त्यावर रुग्णाचे सीरम ओतले की त्यात विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड असल्यास ते प्रथिनांना घट्ट धरतात. नसल्यास धुताना वाहून जातात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड टाकायचे, ते पहिल्यांना चिकटते. शेवटी विकराशी क्रिया होऊन रंग देणारे द्रव्य घालायचे. रंग आला तर शरीराने या विषाणूशी कधीतरी झुंज दिलेली आहे. त्या दिवशी मध्येच वीज गेली. चहा घेऊन परतल्यावर चाचणी बिघडली असेल, या धास्तीने झाकण उघडले गेले, तर सहा खळगे पिवळे झालेले होते.

रंग दिसला म्हणून निदान झाले, असे मात्र नव्हे. कोणतीही चाचणी क्वचित निरोगी माणसालाही दोषी ठरवते. समजा एखादी चाचणी निरोगी लोकांपैकी शंभरात एकाच्या बाबतीत चुकते, आणि दहा हजार माणसांत दहाच बाधित आहेत. मग चाचणी त्या दहांना पकडेल, पण त्याच वेळी सुमारे शंभर निरोगी माणसांवरही ठपका ठेवेल. आजार जितका विरळ, तितके अशा खोट्या निकालांचे प्रमाण जास्त. म्हणूनच संशोधक पुन्हा सुधारगृहात गेले, त्या सहा स्त्रियांचे नव्याने रक्त घेतले, आणि ते नमुने अमेरिकेला नेण्यात आले. तेथे वेस्टर्न ब्लॉट चाचणी झाली, जिच्यात विषाणूची प्रथिने आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडून कोणकोणत्या पट्टीला प्रतिपिंड चिकटतात हे पाहतात. निष्कर्ष तोच निघाला. मे १९८६ मध्ये तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत ही माहिती दिली. लोकांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. काहींनी चाचणीवर शंका घेतली, काहींनी संशोधकांवर.

या साऱ्यातली वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट अशी की त्या सहा स्त्रियांत आजारपणाची कोणतीही ठळक खूण दिसत नव्हती. एचआयव्हीचे वैशिष्ट्यच हे. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत किंवा काखेत गाठी असा त्रास होतो. तो साध्या फ्लूसारखा वाटतो आणि आपोआप ओसरतो. मग कित्येक वर्षे काहीच नाही. माणूस कामाला जातो, लग्न करतो, मुले होतात. विषाणू मात्र सीडी-४ या पांढऱ्या पेशींची संख्या हळूहळू कमी करत राहतो. निरोगी प्रौढात घनमिलिमीटरमागे साधारण पाचशे ते दीड हजार असणाऱ्या या पेशी दोनशेच्या खाली गेल्या की एड्सची अवस्था समजतात. तेव्हा वजन घटते, जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत, रात्री घाम फुटतो, तोंडात पांढरा थर धरतो. भारतात यांत सर्वांत वारंवार जो आजार पुढे येतो तो क्षय. दाराशी आलेल्या क्षयरोग्याला एचआयव्ही असू शकतो, हे डॉक्टरांना शिकायला काही वर्षे गेली. लक्षण दिसेपर्यंत थांबणाऱ्या वैद्यकाचा या आजारापुढे पाड लागत नाही. तो पकडायचा तर चाचणीच हवी.

आणि चाचणीबरोबर येते भीती. १९८९ मध्ये गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या नियमित रक्तदात्याचा निकाल सकारात्मक आला, आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्याला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. आई ल्युसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १९९२ मध्ये डॉमिनिकने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि त्याच वर्षी त्याचे निधन झाले. हा प्रसंग चेन्नईपासून दूरचा, पण काळ तोच आणि वृत्तीही तीच. रुग्णाला कोंडले की आजार कोंडला जातो, अशी ती समजूत होती. परिणाम उलटा होतो. तपासणीला कोणी येत नाही.

डॉ. सॉलोमन यांनी हे ओळखले होते. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन आणि शिक्षण केंद्र सुरू केले. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत ते वायआरजी केअर म्हणून ओळखले जाते. तरमणी येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसच्या आवारात त्याचे रुग्णालय चाले. या रुग्णांमध्ये काम करण्यास पतीचाच सुरुवातीला विरोध होता. रुग्णांच्या हकिगती ऐकल्या तर असे म्हणणार नाही, असे त्यांचे उत्तर असे. चाचणीपूर्वी आणि नंतर समुपदेशन हा तेथील कामाचा गाभा होता, आणि त्याला वैद्यकीय कारणही होते. नैराश्यात झोप उडते, भूक मरते, वजन उतरते, थकवा सुटत नाही. वाढलेल्या एचआयव्हीतही हेच होते. दोन्हींतला फरक केवळ कागदावरच्या आकड्यांनी कळत नाही, रुग्णाशी बसून बोलावे लागते. नैराश्याकडे दुर्लक्ष झाले तर औषधे नियमित घेतली जात नाहीत, आणि मग विषाणूत औषधरोधकता वाढते.

औषधांचा प्रश्न पैशाचाही होता. १९९६ मध्ये तीन औषधांचे एकत्रित उपचार प्रभावी ठरले, पण वर्षाचा खर्च हजारो डॉलरांच्या घरात होता. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये हे उपचार देऊ केले, तेव्हा गणित बदलले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने आठ रुग्णालयांत ती मोफत द्यायला सुरुवात केली. त्यांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते, तसेच चेन्नईजवळचे तांबरमचे वक्षरोग रुग्णालयही, जे १९२८ मध्ये डॉ. डेव्हिड चौरी मुथू यांनी क्षयरुग्णांसाठी स्थापन केले होते.

बाधितांचा अंदाजही सरळ रेषेत चालला नाही. २००६ मध्ये भारतात ५७ लाख बाधित असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमाने मांडले; पुढच्याच वर्षी घरोघरीच्या पाहणीचे निकाल हाती येताच तो आकडा २५ लाखांवर आला. आधीचा अंदाज प्रामुख्याने दवाखान्यांत येणाऱ्यांवर बेतलेला होता, आणि तेथे जाणारे लोक सर्वसामान्य जनतेचे प्रतिनिधी नसतात. एवढ्या मोठ्या दुरुस्तीने सरकारी यंत्रणेची थट्टा झाली, पण विज्ञानाची ही खरी रीत होती.

डॉ. सॉलोमन यांच्याकडे आणखी एक काम हळूहळू आले. औषधांमुळे जगू लागलेल्या तरुण रुग्णांना घरचे लग्नाचा तगादा लावत, आणि कारण सांगायची सोय नसे. मग त्या स्वतःच बाधितांची बाधितांशी सोयरीक जुळवू लागल्या. वय, शिक्षण आणि व्यवसाय पाहून, प्रकृतीचा विचार करून स्थळे सुचवत. ‘लव्हसिक’ या माहितीपटाने हे जगापुढे आणले. याच सुमारास एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत चेन्नईचे हे केंद्र आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी झाली. नऊ देशांतील १७६३ जोडपी त्यात होती, प्रत्येकात एक जण बाधित. २०११ मध्ये निकाल आला : बाधिताने लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराकडे संसर्ग जाण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते.

२८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. निर्मलाने मार्च १९८७ मध्ये तामिळनाडूतील एड्सच्या पाहणीवरचा आपला प्रबंध सादर केला, आणि नंतर गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये लसनिर्मितीच्या कामात ती रुजू झाली. २०१० मध्ये ती तेथून निवृत्त झाली.