वाळूवरचे रूळ आणि नाईलचे पाणी

पहिल्या महायुद्धाचा पाठ शिकवताना मी एकदा वर्गात विचारले, "वाळवंटातून फौज न्यायची तर सर्वांत आधी काय हवे?" कोणी तोफा म्हणाले, कोणी उंट म्हणाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, पाणी." त्याच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो, म्हणून त्याला ते सुचले असावे. आमच्या पाठ्यपुस्तकात त्या मोहिमेला जेमतेम दोन ओळी आहेत. त्या मुलाच्या उत्तरापासून सुरुवात करून ही हकिकत आपल्यापुढे ठेवतो.

नकाशात सुएझ कालवा पाहा. त्याच्या पूर्वेला सिनाईचे वाळवंट आणि त्यापलीकडे पॅलेस्टाईन. १९१४ साली पूर्वेकडे उस्मानी तुर्कांचे राज्य होते, तर पश्चिमेकडे इजिप्तमध्ये इंग्रजांचा अंमल. फेब्रुवारी १९१५ मध्ये जमाल पाशाच्या तुर्की फौजेने सिनाई ओलांडून कालव्यावर हल्ला चढवला. कालव्याच्या बचावाला जे सैनिक उभे होते, त्यांत हिंदुस्थानी पलटणी मोठ्या संख्येने होत्या. बिकानेर संस्थानचे उंटदळही होते. हल्ला फसला. वाळवंट ओलांडून मूठभर माणसे पलीकडे येऊ शकतात; पण त्यांच्यामागे दाणागोटा, दारूगोळा आणि पाणी रोज येत राहिले नाही तर ती टिकू शकत नाहीत, हे त्या वेळी दोन्ही बाजूंना उमगले.

तुर्कांनी मग रूळ टाकायला घेतले. येथे आपल्या वाडवडिलांचा संबंध येतो. दमास्कस ते मदिना ही हिजाज रेल्वे १९०० ते १९०८ या काळात बांधली गेली. हाजींची सोय व्हावी म्हणून तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली होती आणि हिंदुस्थानातूनही पैसा गेला होता. याच रेल्वेच्या हैफाकडे जाणाऱ्या फाट्यापासून जर्मन इंजिनियर माइसनर पाशाने दक्षिणेकडे नवा मार्ग काढला आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये तो बीरशेबापर्यंत नेला. हाजींच्या नावाने उभ्या राहिलेल्या रेल्वेवर आता तोफा चढल्या. पण समुद्रमार्ग इंग्रजांच्या ताब्यात असल्याने ना रूळ मिळत ना कोळसा. याफा ते लुद्द हा जुना मार्ग उखडून त्याचे रूळ इकडे आणावे लागले. इंजिनाच्या भट्टीत लाकूड घालायचे म्हणून पॅलेस्टाईनमधली जैतुनाची झाडेही तोडली गेली. जैतुनाचे झाड वाढायला पिढी लागते, हे ज्या शेतकऱ्यांची झाडे गेली त्यांना वेगळे सांगायला नको.

इंग्रजांकडे सामान भरपूर होते. जनरल मरे यांनी १९१६ च्या आरंभी कालव्यावरील कंतारा या गावापासून पूर्वेला प्रमाण मापाची (स्टँडर्ड गेज) रेल्वे सुरू केली. (कंतारा म्हणजे अरबीत पूल.) मे महिन्यात गाडी रोमानीला पोहोचली, ऑगस्टमध्ये तेथेच तुर्कांचा दुसरा हल्ला परतवला गेला आणि जानेवारी १९१७ मध्ये रूळ एल अरीशला भिडले. सुमारे दीडशे किलोमीटरला दहा महिने, म्हणजे दिवसाकाठी सरासरी अर्धा किलोमीटर! सेनापतीने नकाशावर कितीही लांब रेघ ओढली तरी फौज रूळ संपतात तेथेच थांबे. रात्रीच्या वाऱ्याने रूळ वाळूखाली जात आणि सकाळी ते पुन्हा उकरून काढावे लागत. पायदळाचे पाय रुतू नयेत म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी वाळूवर अंथरून, खुंट्या ठोकून वाटा केल्या होत्या.

मात्र खरा चमत्कार पाण्याचा. उत्तर सिनाईतल्या विहिरींचे पाणी मचूळ. घोडे ते कसेबसे पीत, माणसांना ते चालत नसे. शिवाय वाफेचे इंजिनही पाणीच पिते. फौजेसाठी पाणी नेणारी गाडी स्वतःच त्यातले काही पिऊन टाकते, असा हा विचित्र हिशेब. तेव्हा नाईलचे गोडे पाणी कालव्याच्या खालून पलीकडे नेले, कंताऱ्याला गाळून शुद्ध केले (नाईलच्या पाण्यातून बिलहार्झियाची बाधा होते) आणि अमेरिकेहून आणलेल्या बारा इंची नळातून, टप्प्याटप्प्यावर पंप बसवून, रुळांच्या सोबतीने पुढे नेले. फेब्रुवारी १९१७ मध्ये ते एल अरीशला पोहोचले. नळाच्या पुढच्या टोकाला उंट उभे असत. पुढे जनरल ॲलनबी आल्यावर, "नाईलचे पाणी पॅलेस्टाईनला येईल तेव्हा नबी जेरुसलेम घेईल" असे जुने भविष्य असल्याची कथा पसरली, कारण त्यांचे नाव अरबीत 'अल-नबी'सारखे ऐकू येते. असली भविष्ये घटना घडून गेल्यावरच जास्त ऐकू येतात, असो.

मार्च १९१७ मध्ये रूळ रफाहपर्यंत आले असताना मरे यांनी त्यापुढच्या गाझावर हल्ला केला, आणि घोड्यांना पाणी नाही हे माघारीचे एक कारण ठरले. एप्रिलमध्येही अपयशच आले. ॲलनबींनी ऑक्टोबरच्या अखेरीस बीरशेबा घेतले, तेही तेथील विहिरी हव्या होत्या म्हणून. डिसेंबरात जेरुसलेम पडले. वाळवंटातला हा मार्ग पुढे कैक वर्षे प्रवासी वाहतुकीला उपयोगी पडला. १९६७ च्या युद्धानंतर इस्रायलने सिनाईतले त्याचे रूळ काढून कालव्याकाठच्या तटबंदीत वापरले.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याविषयी. हे रूळ आणि हे नळ कोणी वाहिले? इजिप्तच्या खेड्यांतल्या फेलाहीनांनी, म्हणजे शेतकरी-मजुरांनी. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रज सेनापती मॅक्सवेल यांनी जाहीरनामा काढला होता की या युद्धाचा भार ब्रिटन एकटे वाहील, इजिप्तच्या जनतेकडे मदत मागणार नाही. खलिफाच्या फौजेविरुद्ध मुसलमान प्रजेला उभे करायचे नाही, हा त्यातला अर्थ कोणालाही कळण्यासारखा होता. प्रत्यक्षात मात्र मजूरदल उभे राहिले. काही महिन्यांचा करार आणि दिवसाला पाच पियास्टर मजुरी. आरंभी माणसे पैशासाठी आपणहून आली. युद्ध लांबले तशी माणसे कमी पडू लागली, आणि गावच्या उमद्याला, म्हणजे आपल्याकडच्या पाटलाला, अमुक इतकी माणसे दे असे हुकूम सुटले. उमद्याने कोणाची नावे दिली असतील, हे खेड्यात वाढलेल्या वाचकाला सांगायला नको. ज्याचे त्याच्याशी वैर, ज्याच्यामागे कोणी नाही, तो गेला. कामावर मुकादमाचा चाबूक होता. घरचे गाढव, उंट आणि वैरणही सरकारात जमा होई.

हे दल लाखांच्या घरात गेले. सेनापतींची चरित्रे निघाली, पण या माणसांची नावे मला कोठे वाचायला मिळाली नाहीत.

८ मार्च १९१९ रोजी इंग्रजांनी साद झगलूल यांना पकडून माल्टाला धाडले आणि इजिप्त पेटले. शहरांत विद्यार्थी, वकील आणि स्त्रिया रस्त्यावर आल्या. खेड्यांतले फेलाहीन मात्र वेगळीकडे निघाले. ते रेल्वेकडे गेले आणि जागोजागी त्यांनी रूळ उखडून टाकले. काही दिवस कैरोचा दक्षिणेकडच्या मुलखाशी रेल्वेने संबंध उरला नव्हता.