एक चमचा विरजण

मराठीनं ज्या शब्दांवर अन्याय केला, त्यांत विरजण हा शब्द नक्की धरावा लागेल. सहलीला निघावं आणि पाऊस यावा, की आपण म्हणतो, उत्साहावर विरजण पडलं. खरं पाहता विरजण पडल्यानं काही बिघडत नाही. उद्या नासणारं दूध आणखी दोन दिवस टिकतं आणि पचायलाही हलकं होतं. आमच्या घरच्या बोलीत विरजणाला जामन म्हणतात. जमवतं ते जामन. फारसीत त्याला ‘माया’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे भांडवल. उर्दूतला ‘सरमाया’ तिथूनच आला. मला हा अर्थ फार पटतो. विरजण हे भांडवलच आहे. फक्त वाटल्यानं ते कमी होत नाही.

हे आठवायचं कारण असं, की आमच्या द्वारका भागातल्या औषधांच्या दुकानांत आता प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मिळतात. अँटिबायोटिकबरोबर डॉक्टर त्या लिहून देतात. पोटाला उपकारक असे जिवंत जिवाणू त्यांत असतात. मग साहजिकच कुणीतरी विचारतं, ‘कॅप्सूल फोडून दुधात घातली तर घरीच हे जिवाणू वाढणार नाहीत का? दही लावतो तसंच ना?’ मी साधा बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नाही. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि उत्तर त्या इतिहासातच आहे.

आपल्याकडे दूध विरजण्याची चर्चा फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत यज्ञासाठी दूध कशानं विरजावं याचा विचार येतो. पळसाची साल, बोरं, तांदूळ अशी नावं तिथं आहेत, आणि दह्यानं विरजलेलं दूध इंद्रासाठी सांगितलं आहे. म्हणजे कालच्या दह्यानं आजचं दही लावायचं, ही रीत तेव्हाही ठाऊक होती. जिवाणू कुणी पाहिले नव्हते, पण ते पाळले मात्र जात होते.

पाळणाऱ्या होत्या घरातल्या बायका. जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत, विरजण विकत आणायची वस्तू नव्हती. ते मागून आणायचं. आमची दादी थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवायची. नाशिकच्या डिसेंबरात दही लागणं ही सोपी गोष्ट नाही. आमचं जामन बिघडलं की पलीकडच्या वाड्यातल्या काकूंकडून विरजण यायचं, त्यांचं बिघडलं की आमच्याकडून जायचं. मात्र दिवेलागणीनंतर काकू विरजण देत नसत, आणि आलेली वाटी दादी कधी रिकामी परत करत नसे. रमजानात सहरीला आमच्या पानात जे दही असायचं, त्याचं मूळ काकूंच्या घरचं की आमच्या, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

या दह्यात नेमकं कोण काम करतं, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८५७ साली लुई पाश्चरनं दूध आंबणं हे सजीवांचं काम आहे असं मांडलं. पुढं पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ आला. आपल्याला त्याची ओळख एका शिष्यामुळं पटावी. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावानं आहे, ते वाल्डेमार हाफकिन ओडेसाला मेचनिकॉफचे विद्यार्थी होते. १८९७च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, हे आपण जाणतो.

गुरूनं वेगळी वाट धरली. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष तयार होतं आणि माणूस म्हातारा होतो, असं त्याचं मत होतं. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकानं जिनिव्हात आपल्या देशाच्या दह्यातला जिवाणू वेगळा ओळखला. बल्गेरियातली खेड्यांतली माणसं दीर्घायुषी असतात, असा बोलबाला होताच. मेचनिकॉफनं दोन्हींची सांगड घातली आणि १९०७ च्या पुस्तकात आंबट दुधाचा पुरस्कार केला. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं, ते रोगप्रतिकारावरच्या कामासाठी. पण त्यानं दह्यावरचाही लोकांचा विश्वास वाढला. मग या जिवाणूच्या गोळ्या आणि पूड युरोपातल्या औषधांच्या दुकानांत आली. लोक ती विकत घेत आणि घरी दुधात घालून दही लावत. म्हणजे कॅप्सूलचं दही ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. काकूंच्या घरून वाटीत यायचं, ते पॅरिसमध्ये बाटलीतून विकलं जात होतं.

पुढच्या काळात मेचनिकॉफचं गणित तपासलं गेलं. बल्गेरियन जिवाणू आतड्यात वस्ती करत नाही, असं दिसून आलं. मग आतड्यापर्यंत जिवंत पोचणाऱ्या जिवाणूंचा शोध सुरू झाला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० साली असा जिवाणू निवडून वाढवला आणि १९३५ साली त्याचं पेय बाजारात आणलं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली, की पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव ते प्रोबायोटिक. यातले ‘पुरेशा प्रमाणात’ हे शब्द महत्त्वाचे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एक ठरावीक जिवाणू, त्याला लागणाऱ्या खाद्यासह, मोजून सात दिवस दिला, तेव्हा गंभीर जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. जिवाणू कोणता, किती आणि किती दिवस, हे सगळं ठरलेलं होतं.

आता मूळ प्रश्न. कॅप्सूलचं दही लागतं का? पुष्कळदा लागतं. दूध नीट उकळावं, म्हणजे त्यातले बाकीचे जंतू मरतात. अंगाइतकं कोमट झालं की कॅप्सूलमधली पूड घालून झाकून ठेवावं. पण यातले बरेच जिवाणू दुधात सावकाश वाढतात. रोजचं दही सात-आठ तासांत लागतं, यांना कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. तेवढ्यात भांड्यावरचा, चमच्यावरचा, हवेतला दुसराच कुणी पुढं निघून जातो. त्या दह्याचं पुन्हा विरजण लावलं की मूळचा पाहुणा आणखी मागं पडतो. चार-सहा वेळा विरजल्यावर भांड्यात जे उरतं ते बहुधा आपल्याच घरचं दही असतं, कॅप्सूलमधलं औषध नव्हे. वास कुजका आला किंवा गुलाबी, हिरवा डाग दिसला तर ते फेकून द्यावं. आजारपणात कॅप्सूलच्या जागी हे दही घेऊ नये. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले प्रयोग करूच नयेत.

पण म्हणून घरचं दही कमी प्रतीचं ठरत नाही. औषधाला नाव लागतं, माप लागतं. अन्नाला ताजेपणा आणि सवय लागते. बल्गेरियाच्या जिवाणूला देशाचं नाव मिळालं, जपानच्या जिवाणूला शोधकाचं. आपल्या वाड्यांतल्या विरजणाला नाव मिळालं नाही, कारण ते पाळणाऱ्या बायकांची नोंद कुणी ठेवली नाही. ज्या दिवशी एखादं घर कायमचं पिशवीच्या दह्यावर जातं, त्या दिवशी त्या घरचं विरजण संपतं, आणि ते पुन्हा कुठल्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा मंडळी, कॅप्सूल डॉक्टर सांगतील तशी घ्या. आणि रात्री दूध कोमट असताना एक चमचा विरजण घाला. नसेल तर शेजारी मागा. फक्त दिवेलागणीच्या आधी.